चेफालू : उन्हे उतरल्यावर पाहण्याचे गाव

पालेर्मोला मुक्काम करणारे बहुतेक प्रवासी चेफालूला सकाळी जातात, दुपारभर वाळूवर पडून राहतात, कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर छायाचित्रे काढतात आणि उन्हे कलायच्या आत परतीची गाडी पकडतात. इटलीतल्या सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचे हे जुने गाव पाहण्याची ही पद्धत अगदी उलटी आहे, असे दोन भेटींनंतर माझे ठाम मत झाले आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही उभयता पालेर्मोत होतो. तेथून एकदा, आणि मन न भरल्यामुळे दोन दिवसांनी पुन्हा एकदा, दोन्ही वेळा दुपारच्या गाडीने आम्ही चेफालूला गेलो. पहिली संध्याकाळ अर्धीमुर्धी फसली आणि दुसरी मनाजोगी पार पडली. जाणाऱ्याला दोन्हींचा उपयोग होईल, म्हणून हे परीक्षण दोन्ही संध्याकाळींचे मिळून लिहीत आहे.

पालेर्मोच्या मध्यवर्ती स्थानकातून सुटणारी प्रादेशिक गाडी साधारण सत्तर किलोमीटरचे हे अंतर सुमारे तासाभरात कापते. जाताना डाव्या बाजूच्या खिडकीशी बसावे, कारण बराच वेळ समुद्र रुळांच्या कडेनेच चालत असतो. या गाड्यांना आरक्षण नसते आणि भाडे ठरलेले असते, त्यामुळे आधीपासून धडपड करण्याची गरज नाही. मात्र कागदी तिकीट घेतले असेल, तर गाडीत चढण्यापूर्वी स्थानकावरच्या छोट्या यंत्रात ते घालून त्यावर तारीख-वेळेचा छाप उमटवून घ्यावाच लागतो. छाप नसलेले तिकीट तपासनिसाच्या दृष्टीने तिकीटच नसते, आणि दंड भरताना परदेशी पाहुणा म्हणून सवलत मिळत नाही. स्थानकापासून जुन्या गावापर्यंतचे अंतर पायी दहा-बारा मिनिटांचे आहे.

गावात शिरण्यापूर्वीच दिसतो तो खडक. समुद्राच्या अगदी काठावर सुमारे २७० मीटर उंचीचा, वरून चपटा आणि बाजूंनी तुटलेला असा हा एकच प्रचंड कडा उभा आहे आणि त्याच्या पायाशी सगळे जुने चेफालू बिलगून बसले आहे. गावाचे नावही ‘डोके’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, म्हणजे याच खडकावरून पडले, असे मानतात. वर एक प्राचीन, अवजड दगडांची वास्तू आहे, जिला डायानाचे मंदिर म्हणतात, आणि तटबंदीचे अवशेष आहेत. पण ती चढण सकाळची आहे. संध्याकाळी खडकावर जाण्याची वाट बंद होते, तेव्हा या बेतात तिचा विचार करू नये.

संध्याकाळचा पहिला तास कॅथीड्रलला द्यावा, आणि तो प्रकाश असतानाच द्यावा. नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने ११३१ मध्ये या वास्तूचा पाया घातला. समुद्रात वादळ झाले, राजाने नवस केला, जहाज याच किनाऱ्याला सुखरूप लागले आणि राजाने नवस फेडला, अशी कथा येथे सांगितली जाते. ती ऐकताना कोकणातल्या कित्येक देवळांच्या कथा आठवल्याशिवाय राहत नाहीत. समोरच्या चौकातून पाहिले की दर्शनी भाग मावळतीला तोंड करून उभा दिसतो. दोन्ही बाजूंना गढीच्या बुरुजांसारखे दोन दणकट मनोरे आहेत आणि त्यांची शिखरे मुद्दाम वेगवेगळ्या घडणीची आहेत. सहाच्या सुमारास उतरते ऊन या दगडावर पडते तेव्हा त्याचा रंग काकवीसारखा होतो आणि मागचा करडा कडाही हळूहळू तांबूस होत जातो. सकाळी ही भिंत सावलीत असते. संध्याकाळचा आग्रह धरण्याचे ते पहिले कारण.

पहिल्या दिवशी आम्ही साडेपाचला दाराशी पोहोचलो, तर आत लग्नविधी चालू होता आणि पाहुण्यांखेरीज कोणालाही आत सोडत नव्हते. त्यात कोणाची चूक नव्हती. ते आजही गावाचे चर्च आहे, लग्ने तेथेच लागणार. पण दार उघडेपर्यंत परतीच्या गाडीची आणि जेवणाची घाई सुरू झाली आणि ज्यासाठी गेलो तेच राहिले. दुसऱ्या खेपेला चारच्या आतच पोहोचलो आणि मनसोक्त पाऊण तास आत बसलो. बंद होण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळे त्याच दिवशी खात्री करून घ्यावी. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

आतला सभामंडप साधा, जवळजवळ उघडाबोडका आहे. दोन्ही बाजूंना जुन्या खांबांच्या रांगा, त्यांच्यावर अरबी धाटणीच्या टोकदार कमानी, वर लाकडी छत. या साधेपणातून चालत गेल्यावर गाभाऱ्यावरच्या अर्धघुमटातला सोनेरी मोझेक समोर येतो, आणि माणूस बोलायचे थांबतो. खाली कोरलेल्या लेखात ११४८ हे साल आहे. बायझंटाईन परंपरेतल्या कारागिरांनी केलेली विश्वपालक ख्रिस्ताची ही प्रतिमा त्या अर्धघुमटाची संपूर्ण रुंदी व्यापते. उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला आहे आणि डाव्या हातात उघडलेले शुभवर्तमान आहे. त्याच्या एका पानावर ग्रीक आणि दुसऱ्यावर लॅटिन अक्षरांत एकच वचन लिहिले आहे: मी जगाचा प्रकाश आहे, जो माझ्यामागून येतो तो अंधारात चालणार नाही. म्हणजे ज्या राज्यात ग्रीक, लॅटिन आणि अरबी या तिन्ही भाषांत कारभार चाले, त्या राज्यात देवालाही दोन भाषांत बोलावे लागले.

मी दुर्बीण घेऊन गेलो होतो आणि प्रत्येकाने न्यावी असे सुचवतो. नुसत्या डोळ्यांना सलग वाटणारा चेहरा दुर्बिणीतून हजारो चौकोनी तुकड्यांचा होतो. गालांच्या खोलगट भागात हिरवट छटेचे तुकडे आहेत, आणि भांग पाडून नीट बसवलेल्या केसांतून सुटलेल्या एक-दोन बटा कपाळावर आल्या आहेत. राजाच्या खर्चाने घडवलेल्या, एवढ्या भव्य आणि औपचारिक चित्रात त्या बटा ठेवाव्यात, हे ज्या कारागिराला सुचले त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो. त्या बटांमुळे तो चेहरा न्यायाधीशाचा राहत नाही, रात्रभर जागलेल्या एखाद्या माणसाचा वाटतो. खाली मरिया आणि चार देवदूत, त्यांच्या खाली दोन ओळींत बारा प्रेषित, अशी उतरंड आहे. पण नजर पुन्हा पुन्हा वरच जाते. बाजूच्या खिडक्यांतल्या आधुनिक रंगीत काचा मात्र मला या जागेत परक्या वाटल्या. सोन्यावर पडणारा प्रकाश पांढराच हवा होता.

आपले दफन येथेच व्हावे अशी रॉजरची इच्छा होती आणि त्यासाठी त्याने जांभळ्या पॉर्फिरी दगडाच्या दोन शवपेट्याही येथे ठेवल्या होत्या. पण त्याचे दफन पालेर्मोत झाले, आणि पुढे त्याचा नातू सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२१५ मध्ये त्या पेट्याही पालेर्मोला नेल्या. पालेर्मोच्या कॅथीड्रलमध्ये त्या आधी पाहिल्या असतील, तर चेफालूचा हा रिकामा गाभारा अधिक जाणवतो. म्हणून क्रम आधी पालेर्मो, मग चेफालू असा ठेवावा. पालेर्मो, चेफालू आणि मोन्रेआले येथील अरब-नॉर्मन वास्तू २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकत्रच आल्या. मुख्य मंडप पाहिल्यावर मनोरे आणि ओवऱ्यांचा चौक यांसाठी वेगळे तिकीट आहे. वेळ थोडा असेल तर ते सोडून मंडपातच आणखी पंधरा मिनिटे बसावे.

चौकातून समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत मांद्रालिस्का संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एन्रिको पिरायनो दी मांद्रालिस्का या सरदाराने आयुष्यभर जमवलेल्या वस्तू येथे ठेवल्या आहेत. त्याला शंख-शिंपल्यांचा शास्त्रोक्त नाद होता, आणि त्या कपाटांसमोर लहान मुले सहज रमतील. लोक येतात ते मुख्यतः आंतोनेल्लो दा मेस्सीना या पंधराव्या शतकातल्या चित्रकाराने काढलेल्या एका अनोळखी पुरुषाच्या चित्रासाठी. ते वहीच्या पानापेक्षा फारसे मोठे नाही. काळ्या पार्श्वभूमीवरचा तो माणूस तुमच्याकडे असा काही हसतो की त्याला तुमचे एखादे गुपित ठाऊक असावे. लिपारी बेटावर हे चित्र एका औषधविक्याच्या घरात होते आणि त्याच्या हसण्याचा राग येऊन त्या घरातल्या मुलीने चेहऱ्यावर ओरखडे काढले, अशी आख्यायिका आहे. ओरखडे दुरुस्त केले आहेत, हसू तसेच आहे.

माझे मन मात्र दुसऱ्याच एका वस्तूवर बसले. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या मातीच्या एका भांड्यावर मासेविक्या रंगवला आहे. ओंडक्यावर भलामोठा कुपा ठेवून तो सुरीने तुकडे पाडतो आहे, आणि समोरचे गिऱ्हाईक हातातले नाणे पुढे धरून काहीतरी म्हणते आहे. ते घासाघीसच करत असणार, याबद्दल मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या मासळी बाजारात एकदाही गेलेल्या माणसाच्या मनात शंका येणार नाही. सौभाग्यवतींनी तर त्या दोघांमधला संवाद मला तेथल्या तेथे मालवणीत ऐकवला. संग्रहालय छोटे आहे, तासाभरात नीट पाहून होते आणि तिकिटाचे पैसे वसूल होतात.

तेथून पुढे व्हित्तोरियो एमानुएले रस्त्यावर, घरांच्या रांगेतच एक वळणदार दगडी जिना खाली उतरतो. खाली गावाचा मध्ययुगीन धुण्याचा घाट आहे. अर्धवट छताखाली दगडी डोणी एकामागून एक मांडल्या आहेत, प्रत्येकीच्या काठाला कपडे घासायचे तिरके दगड आहेत, आणि भिंतीतल्या बिडाच्या बावीस मुखांतून, ज्यांतली पंधरा सिंहांची आहेत, पाणी अखंड पडत असते. ते डोणीतून डोणीत जाते आणि शेवटी समुद्राला मिळते. येथला लेख सांगतो की हा चेफालिनो झरा कोणत्याही नदीपेक्षा आरोग्यदायी, चांदीहून शुद्ध आणि बर्फाहून थंड आहे. मी हात घातला. बर्फाची तुलना कवीची असली तरी पाणी खरोखर गार होते. घासण्याच्या दगडांचा मधला भाग पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी झिजून खोलगट आणि गुळगुळीत झाला आहे. आमच्या आजोळी विहिरीशेजारच्या धुण्याच्या दगडाला असाच खळगा होता, आणि तळहात ठेवताच तो ओळखू आला. या जागेला तिकीट नाही, पहारा नाही, आणि येणारे बहुतेक जण दोन मिनिटांत जिना चढून परत जातात. पाच वाजल्यानंतर गटांची गर्दी ओसरते आणि पाण्याच्या आवाजाशिवाय तेथे काही राहत नाही, तेव्हा जावे.

सहानंतर गाव स्वतःसाठी बाहेर पडते. या संध्याकाळच्या फेरफटक्याला इटलीत ‘पासेज्जाता’ म्हणतात, आणि कोर्सो रुज्जेरो या मुख्य रस्त्यावर तो पाहावा. आजीआजोबा हातात हात घालून, बाबागाड्या ढकलणारी जोडपी, इस्त्रीचा शर्ट घालून आलेले म्हातारे, सगळे तोच रस्ता वर-खाली करत असतात आणि दर दहा पावलांवर कोणीतरी कोणाला तरी थांबवून बोलते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दुकाने मात्र निराश करतात. चुंबक, सिरॅमिकची मुंडकी आणि लिंबांची चित्रे असलेले टॉवेल पालेर्मोतही हेच आणि याहून स्वस्त मिळतात. खरेदीच करायची असेल तर खारवलेले केपर (एका झुडपाच्या कळ्या) आणि वाळवलेला रानटी ओरेगानो घ्यावा, वजनाला हलका आणि टिकाऊ. वयस्कर मंडळी बरोबर असतील, तर गल्ल्यांतली फरसबंदी गुळगुळीत आणि उताराची आहे, हे लक्षात ठेवून रबरी तळाचे बूट घालावेत.

सूर्यास्ताला पोर्ता पेस्कारा या जुन्या वेशीतून जुन्या बंदराच्या वाळूवर उतरावे आणि धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन मागे वळून पाहावे. घरांच्या पाठभिंती थेट समुद्रातून उभ्या राहिल्या आहेत, खालच्या कमानींत होड्या ठेवायची जागा, वर सज्जे, सज्जांत वाळत घातलेले कपडे. या घरांना समुद्रकिनारी असण्याचा काही तोरा नाही. मासेमारीसाठी जे सोयीचे तेच बांधले आहे, आणि म्हणूनच ते इतके देखणे दिसते. या वेळी धक्क्यावर माणसे बरीच असतात, पण जागा सर्वांना पुरते.

आता जेवणाचे. पहिल्या संध्याकाळी भूक लागलेली, पाय दुखत असलेले आणि समोर समुद्र, म्हणून पाण्यावर गच्ची असलेल्या एका उपाहारगृहात आम्ही बसलो. वाढप्याने बर्फावर मांडलेले मासे दाखवले, मी ओराता निवडला, आणि तो किती वजनाचा आहे हे त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. यादीत मासळीचा भाव दर शंभर ग्रॅमला असतो, ज्याला तेथे ‘एत्तो’ म्हणतात. तो आकडा लहान दिसतो आणि बिलावर चौपट-पाचपट होऊन येतो. मासा चांगला होता हे कबूल केले पाहिजे, पण जास्त भाजल्यामुळे कोरडा झाला होता, सौभाग्यवतींसाठी शाकाहारी म्हणून आणलेल्या पास्त्यात अँकोव्ही या लहान खारवलेल्या माशाचे तुकडे निघाले, आणि तक्रार केल्यावर ‘ते फक्त चवीपुरते’ असे उत्तर मिळाले. नियमांच्या चौकटीत राहून पाहुण्याच्या अज्ञानाचा फायदा घेणे मला आवडत नाही. वजन आणि होणारी एकूण किंमत मासा शेगडीवर जाण्यापूर्वी विचारून घ्यावी. बिलातला ‘कोपेर्तो’ हा माणशी दोन-तीन युरोंचा आकार मात्र सर्वत्र असतो, त्यावरून वाद घालू नये.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही समुद्राकडे पाठ करून वरच्या एका अरुंद गल्लीत शिरलो. तेथे सात-आठ मेजांची खाणावळ होती आणि हाताने लिहिलेली यादी एका पानाची होती. स्वयंपाकघर साडेसातला सुरू होते, त्याआधी कोणी विचारतही नाही. मी तारल्यांचा पास्ता मागवला, ‘पास्ता कॉन ले सार्दे’. सार्दे म्हणजे आपली तारलीच्या जातीची मासळी. रानबडीशेपेचा हिरवा पाला उकडून, त्याच पाण्यात पास्ता शिजवून, तारल्या, बेदाणे, चिलगोज्यासारखे पाईनचे दाणे आणि किंचित केशर यांत तो घोळवतात, आणि वर चीज न घालता भाजलेला पावाचा चुरा भुरभुरवतात. बेदाणे आणि मासे हे ऐकून नाक मुरडू नये. बडीशेपेचा वास मासळीचा उग्रपणा धरून ठेवतो, बेदाण्याची गोडी खारटपणाला उचलते, आणि चुऱ्याचा कुरकुरीतपणा प्रत्येक घासात असतो. मी गेल्या कित्येक वर्षांत परदेशात खाल्लेल्या पदार्थांत हा पहिल्या तिनांत येईल.

शाकाहारी मंडळींनी सिसिलीला घाबरण्याचे कारण नाही, कारण येथे वांगे मराठवाड्याइतकेच मानाने वागवले जाते. तळलेली वांगी, सेलेरी, ऑलिव्ह, केपर आणि टोमॅटो यांत व्हिनेगर व साखर घालून केलेली आंबटगोड कापोनाता ही गार खायची असते आणि दुसऱ्या दिवशी अधिक मुरते. वांगी, टोमॅटो आणि खारवलेले रिकोटा चीज घातलेला पास्ता आल्ला नोर्माही मिळतो. सर्वांत आश्चर्य पानेल्ले या पदार्थाचे वाटले. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ पाण्यात आटवून, घोटून, थापून, गार झाल्यावर वड्या कापून तळलेल्या असतात. सौभाग्यवतींनी एक तुकडा मोडला, कड तपासली आणि ‘पाटवडी आहे, फोडणी विसरलेत’ असा निवाडा दिला. जिरे आणि हिरवी मिरची नसली तरी लिंबू पिळून त्या फार चांगल्या लागतात. मागवताना ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा आच्चूगे’, म्हणजे मांस नको, मासा नको, अँकोव्ही नको, हे तिन्ही स्पष्ट म्हणावे. दुसऱ्या दिवशी आम्ही तसे म्हटले, आणि वाढणाऱ्या बाईंनी आत जाऊन विचारून येऊन प्रत्येक पदार्थाचे खात्रीने सांगितले. पाणी, कापोनाता, पानेल्ले, दोन पास्ते आणि एक पेला वाइन यांचे दोघांचे बिल पहिल्या दिवशीच्या निम्म्याहूनही कमी झाले.

गोडासाठी तेथे न थांबता चौकात परत यावे. सिसिलीत आइसक्रीम ब्रिओश नावाच्या मऊ, किंचित गोड पावात भरून देतात. त्या पावाच्या माथ्यावर एक छोटा गोळा असतो, त्याला ‘तुप्पो’ म्हणतात आणि त्याचा अर्थ अंबाडा. आधी अंबाडा तोडून त्याने आइसक्रीम टिपून खायचे, मग उरलेला पाव. पिस्ता घेणार असाल तर झळझळीत हिरवा रंग टाळावा. खरा पिस्ता मातकट हिरवा दिसतो. बदामाचा ग्रानिता, म्हणजे बर्फाच्या बारीक कणांचा गारेगार गोड पदार्थ, मला त्याहून आवडला, फार गोड नसलेला आणि कडवट बदामाचा हलका वास असलेला.

या सगळ्या बेतातली एकच खरी अडचण परतीच्या गाडीची आहे. रात्री गाड्या विरळ होतात, रविवारी वेळापत्रक निराळे असते, आणि शेवटची गाडी चुकली तर भाड्याच्या मोटारीचा खर्च साऱ्या सहलीहून जास्त येतो. दोन्ही वेळा चौकात दिवे लागून गर्दी निवळत असताना आम्हाला घड्याळ पाहत स्थानकाकडे निघावे लागले. म्हणून ज्याला शक्य असेल त्याने पालेर्मोहून ये-जा न करता चेफालूतच उतरावे. मग सकाळी ऊन चढण्यापूर्वी खडकही चढता येईल. पुढच्या महिन्यात सिसिलीला निघालेल्या आमच्या शेजाऱ्यांना मी हेच सांगितले, आणि त्यांनी पोर्ता पेस्कारापासून दोन गल्ल्यांवर दोन रात्रींसाठी खोली घेतली आहे. दुर्बीण माझीच घेऊन जाणार आहेत.